रुखवतातली दुर्बीण

“विश्वा, वहिनीला मागंच ठेव. बायका घरटं बघितलं की हळव्या होत्यात, आन् मग फोटोचं वाटोळं.”

हे वाक्य क्रांतीच्या कानांसाठी नव्हतं. माझ्यासाठी तर नव्हतंच. मी एक दुर्बीण. मलाही ऐकू येतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं. मी क्रांतीच्या गळ्यात होते, आणि ती करवंदाच्या जाळीआड बुटातला खडा काढायला थांबली होती. ‘विश्वा’ म्हणजे तिचा नवरा, विश्वजित. लग्नाला अजून महिना झाला नव्हता.

माझं म्हणाल तर, कोडोलीच्या जोतीराम फौजींनी मला पलटणीतून येताना आणलं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी मला शेजारच्या कृष्णात आबांना देऊन टाकलं. आबा गच्चीवरून वीज येऊन विहिरीवरच्या मोटारीचा दिवा लागला का, एवढंच माझ्यातून बघायचे. दिवा दिसला की मला कट्ट्यावर टाकून रानात पळायचे. त्यांची लेक क्रांती मला त्याच विहिरीवर धरायची, पण चार बोटं वर. तिथं बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती.

तिचं लग्न ठरलं तेही पाखरांपायीच. बघायच्या कार्यक्रमात उचगावचा विश्वजित म्हणाला, “रविवारी मी पक्षी बघायला डोंगरात जातो. चालंल का?” चहा देतानाही न बोललेली पोरगी “व्हय” म्हणाली, ते पार स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

आबांनी मला रुखवतात मांडलं, लाडू आणि करंज्यांच्या परातींच्या मधोमध. नवऱ्याकडच्या बयाबाई आत्यांनी मला उचलून उलटीसुलटी केली. “ही कशाला गं बाई? नवऱ्यावर नजर ठेवायला?” सगळा मांडव हसला. मीही हसले.

मग मे संपता संपता तो रविवार आला. पहाटे आम्ही कळंब्याच्या तलावावर होतो. पाणी पार आत सरलं होतं, आणि काठच्या चिखलात शेकाट्या पाखरं आपल्या काड्यांसारख्या लाल पायांवर तोल सांभाळत चालल्या होत्या. क्रांती काही बोलायला गेली, तर विश्वजित कुजबुजला, “हळू. त्यांना आपला तरास नको.” माझी भिंगं जराशी धुरकट झाली. दोष माझा नव्हता, डोळे तिचे भरले होते. माणूस चांगला मिळाला, असं त्या डोळ्यांत मी अगदी जवळून वाचलं.

तिथून राधानगरीकडच्या डोंगरात. सगळ्यांत पुढं हंबीरराव, या मंडळींचे म्होरके, खांद्यावर तोफेएवढा कॅमेरा. मागं आणखी दोघं मित्र. आटलेल्या ओढ्यावर स्वर्गीय नर्तक पाखराचं घरटं होतं. हंबीररावांचं ते वर सांगितलेलं वाक्य इथं आलं. मग विश्वजित मागं वळून तिला म्हणाला, “तू सावलीत थांब गं. आलोच.”

ती थांबली. आणि तिनं मला डोळ्यांना लावलं.

चाक फिरवल्यावर घरटं स्वच्छ दिसलं. चहाच्या कपाएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं, वर पानांचं दाट छप्पर. आत तीन वासलेल्या चोची. आणि मग एक हात आत शिरला. त्या हाताच्या बोटात अंगठी होती, आबांनी जावयाला घातलेली. त्या हातानं छप्पर झालेली फांदी खाली ओढून धरली. मागून हंबीररावांची कात्री आली. कच्च. कच्च.

क्रांतीनं मला खाली घेतलं, ओढणीनं पुसलं आणि पुन्हा लावलं. मी तेच दाखवलं. मला दुसरं येतंय काय?

“आता कसं मोकळं दिसतंय! एक नंबर!” हंबीरराव म्हणाले.

ऊन थेट पिलांवर पडलं. मादी आली, पंख पसरून घरट्याच्या काठावर उभी राहिली, चोच उघडी, अंग धापांनी हलतंय. “छत्री केली बघ पोरांवर! घे, घे!” कॅमेरे खडखडले. लांब शेपटीचा पांढरा नर चोचीत किडा धरून या झाडावरून त्या झाडावर नुसते हेलपाटे घालत होता. एवढ्या माणसांत त्याला उतरायला वाटच नव्हती.

क्रांतीनं मला डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडलं.

आज मी उचगावच्या घरात दाराच्या खिळ्याला असते. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा घरटं रिकामं होतं. पिलं उडाली का कावळ्यानं नेली, ते रिकाम्या घरट्यावरून सांगता येत नाही. विश्वजितला आता बघायचं असेल तर तो मला मागून घेतो. क्रांती देते, पण पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढत नाही. त्याला तिच्याजवळ वाकून बघावं लागतं.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. लांबचं जवळ आणायचं काम माझं. तुम्ही लांबच राहा.

त्या दिवशी ती सावलीतून उठली आणि खडकावरून खडकावर पाय टाकत ओढ्यात उतरली. चौघंही वळून बघायला लागले. लग्नात उखाणासुद्धा हळू घेतलेली ती पोरगी काय बोलली, तेवढं सांगते आणि झाकण लावून घेते.

“अहो, बुटाच्या नाड्या काढा. तोडलेल्या डहाळ्या वर बांधा, पिलांवर सावली होऊ दे. आन् मग सगळे मागं या. हंबीरभावजी, तुम्हीबी. मला मागं ठेवलं हुतं न्हवं, तिथवर.”