विल्फ्रेड आजोबांच्या मांडीवरचा ट्रे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रे आहे. पाहुण्यांपुढे चहा मिरवणारा नव्हे. मांडीवर घेऊन जेवायचा. माझ्या पोटाखाली छोटी उशी आहे, म्हणून मी मांडीवर डुगडुगत नाही.

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावी विल्फ्रेड या सुताराने मला घडवले. त्यांची बायको डोरीन हिचे गुडघे धरले होते, टेबलापर्यंत जाणे तिला जड झाले होते. उशी तिने स्वतः शिवली. संध्याकाळी साडेपाचला दोघे टीव्हीसमोर शेजारी शेजारी जेवत. कधी टोस्टवर शिजवलेला घेवडा, शुक्रवारी तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी. बोलणे फारसे नसे. नको असलेल्या फोडी ती गुपचूप त्यांच्या ताटलीत सरकवी, एवढेच. ते माझे सुखाचे दिवस.

डोरीन गेली. मग मुलगी जॅनिस वडिलांना फ्रान्समध्ये, कँपेरला आपल्या सासरी घेऊन आली. त्यांच्या सामानात मीही होतो.

त्या घराची तऱ्हाच निराळी. रात्री आठला झाडून सगळे टेबलाशी. आधी सूप, मग मांस, त्यानंतर कोशिंबीर, मग चीज. पाव ताटलीत नाही, थेट टेबलावरच्या कापडावर. आणि बोलणे सगळ्यांचे एकदम! विल्फ्रेड यांना मात्र साडेपाचलाच भूक लागे. ते टोस्ट भाजून मला मांडीवर घेत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एकटे जेवत.

जॅनिसच्या सासूबाई आर्मेल यांना हे फार लागले.

"तुझे वडील माझ्या हातचं खात नाहीत. मी काय विष घालते?"

"तसं नाही हो, आई. सवय आहे त्यांची."

"कसली सवय! घरात माणसं असताना असं एकट्यानं गिळायचं?"

एके दिवशी त्यांनी मला उचलून कपाटावर टाकले. विल्फ्रेड आठला टेबलाशी आले, सूप ढवळत राहिले आणि तसेच उठले. रोज हेच होऊ लागले. मी धुळीत पडून होतो आणि वरून त्यांची कॉलर सैल होत चाललेली मला दिसत होती.

शेवटी जॅनिसला राहवेना. "आई, तो ट्रे माझ्या आईचा आहे. शेवटी शेवटी बाबा तिला त्याच्यावरच भरवायचे."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आर्मेल यांनी मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि सूपचा वाडगा ठेवून विल्फ्रेड यांच्या मांडीवर दिले. मग दुसरी खुर्ची ओढली आणि स्वतःसाठी भाजी चिरायची फळी मांडीवर घेऊन तिच्यावर आपला वाडगा ठेवला.

"सरका जरा, व्याहीबुवा."

"सांडेल हं, विहीणबाई."

सांडलेच! "काय मेलं हे तुमचं जेवण!" आर्मेल झगा झटकत ओरडल्या. विल्फ्रेड हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी काही थांबेना. आर्मेल शेजारी बसून राहिल्या. हळूहळू विल्फ्रेड यांचा वाडगाही रिकामा झाला.

त्या रात्री आठला विल्फ्रेड आपणहून टेबलाशी गेले. "पोट भरलंय, नुसतं चीज द्या," म्हणाले, आणि सगळे उठेपर्यंत बसले.

आता माझे पॉलिश उडाले आहे, उशीचा टाका उसवला आहे. मला रोज कुणी काढत नाही, पण आता मला कुणी फेकतही नाही. मित्रांनो, कोण कधी आणि कसे जेवतो, यावरून त्याला नावे ठेवू नका. आणि घरातली एखादी जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी एवढे तरी विचारा, "ही कुणाची?"