तपासणीची तयारी

माझ्या सासूबाईंनी उभी हयात प्राथमिक शाळेत घालवली. तपासणीला साहेब यायचे असले की त्या वर्गाकडून आधीच उत्तरं घोकून घेत आणि साहेब खूश होऊन जात. मुलांना खरंच काय येतं, हे विचारायचंच नाही. हे त्या अजूनही अभिमानानं सांगतात आणि मी अजूनही दातओठ खाते.

आमचा बब्या अडीच वर्षांचा. हाक मारली तरी बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. खेळण्यातली गाडी दिली तर ती चालवणार नाही, उलटी करून चाक फिरवत बसेल, जेवणखाण विसरून. दवाखान्यात अशा मुलांसाठी एक खेळवर्ग आहे. तिथे आईबापांना मुलासोबत जमिनीवर बसवतात आणि खेळता खेळता शिकवतात. पण डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली तरच जागा मिळते. मला ती चिठ्ठी हवी होती. शपथेवर सांगते, दुसरं काहीही नको होतं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?"

तपासणीची तारीख ठरली तशा त्या कामाला लागल्या. डॉक्टर काय काय करायला लावतात ते, तिथेच मूल तपासून आणलेल्या शेजारणीच्या सुनेकडून काढून घेतलं. मी कामावर गेले की घरात शिकवणी सुरू. ठोकळ्यावर ठोकळा ठेवला, की बिस्किटाचा तुकडा. बाहुलीच्या तोंडाला चमचा लावला, की तुकडा. हाक मारल्यावर मान वर केली, की तुकडा. मला कळलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं.

"शिकवतेय ना ती? मग बिघडलं कुठे?" नवरा म्हणाला. आईचा लाडका, दुसरं काय म्हणणार!

तपासणीच्या दिवशी सासूबाई मूठ मिटून माझ्या शेजारी बसल्या, दुसऱ्या बाजूला नवरा. डॉक्टरबाईंनी ठोकळे पुढे केले. बब्यानं मनोरा रचला. बाहुलीला भरवलं. हाक मारल्यावर मान वर केली आणि थेट आजीच्या मुठीकडे पाहिलं.

"डॉक्टर, हे घोकून घेतलंय त्याच्याकडून," मी म्हणाले. "तो खेळत नाही हो. बाहुलीला भूक लागते, हे त्याच्या गावीही नाही."

मी सासूबाईंची मूठ ओढून उघडली. बिस्किटाचा चुरा टेबलावर सांडला. नवऱ्यानं माझं मनगट धरलं.

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, खाऊ दाखवून कोण शिकवत नाही? शिकवलेलं येतंय, म्हणजे शिकतोय की. पहिलं मूल आहे, काळजी वाटणारच. पण वर्गात जागा कमी आहेत, ज्यांना खरी गरज आहे त्यांना आधी घ्यावं लागतं."

झालं. मी बोलत राहिले, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर बाकावर बसल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "झालं तुमचं समाधान? पास झाला तुमचा नातू!"

मला वाटलं, आता त्या फुशारकी मारतील. त्या खाली बघत म्हणाल्या, "मला काय दिसत नव्हतं? इतकी मुलं हाताखालून गेली माझ्या. तो रांगत होता तेव्हाच कळलं होतं मला."

"मग आई, का केलंत हे?"

"कुणी तोंडावर बोलून दाखवलं असतं ना, तर मला सोसलं नसतं गं."

त्या अडाणी असत्या तर मी कडाकडा भांडले असते. आता भांडायचं तरी काय? बब्या बाकाच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्याला आम्ही दोघी दिसतही नव्हतो.

आमच्यानंतर आत गेलेली बाई बाहेर आली. कडेवर मुलगी, हातात चिठ्ठी. ती ढसाढसा रडत होती. आणि मला तिचा हेवा वाटला.