नकोचं बटण

"बाबा, तहान लागली की हे निळं दाबायचं. बघा बरं."

बाबांच्या डाव्या हाताचं बोट निळ्या चौकोनावर टेकलं, थरथरलं आणि घसरलं. पडद्यावरची सगळी बटणं बोटाबरोबर वर सरकली. फोन गप्पच राहिला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलंय."

ती पाणीपट्टीच्या कार्यालयात खिडकीवर बसायची. खिडक्या बंद होऊन सगळा भरणा मोबाईलवर जाणार, म्हणून साहेबांनी तिला ॲप बनवायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला पिटाळलं होतं. वर्गात सगळी तिच्या मुलाच्या वयाची. तिला काकू म्हणायची. कार्यालय, वर्ग आणि घरी अंथरुणाला खिळलेले बाबा. दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, हे तिला हल्ली समजेनासं झालं होतं. पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती; मानही धड हलत नव्हती. पण त्यांना सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणत. मॅडमनी वर्गात सांगितलं, ओळखीतल्या एखाद्या माणसाला उपयोगी पडेल असं ॲप करून आणा. तिला दुसरं कोण सुचणार होतं?

"काकू, बटण बोट उचलल्यावर लागायला हवं," मॅडम म्हणाल्या. "माणसाला मधेच विचार बदलता आला पाहिजे."

"त्यांना बोट उचलायलाच जमत नाही हो. टेकलं की लागू दे."

"मग चुकून लागेल."

"आजोबांनी चुकून दुसरं लग्न ठरवलं तर, काकू?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ठरवू दे. घरात स्वयंपाकाला तरी कुणी येईल."

वर्ग हसला. तीही हसली, आणि किती दिवसांनी हसलो हे आठवत बसली.

तिने सरकणारा पडदा खिळवून टाकला, बटणं मोठी केली आणि त्यांना स्वतःचा आवाज दिला. 'तहान लागलीय', 'कूस बदल', 'दुखतंय', 'दिवा घालव'. बाबांच्या उशाशी जुना फोन उभा राहिला. जन्मभर लिफ्ट चालवलेला माणूस. लोक सांगतील त्या मजल्याचं बटण दाबण्यात उमर गेलेली. आता ते स्वतःसाठी बटण दाबू लागले, आणि दाबायचे तर असे, की ती काकुळतीला यायची. "अहो, आत्ताच बदलली ना कूस! मी काय यंत्र आहे?" बाबांच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर जायची. ते त्यांचं हसू.

बाबांच्या नाकातून पोटात नळी घातलेली होती. तिच्यातूनच पातळ अन्न जायचं. ती नळी बाबा ओढून काढत. घरी येणाऱ्या सिस्टर पुन्हा घालत आणि हाताला बँडेज गुंडाळून पलंगाला बांधत.

"सगळेच काढतात, ताई. त्यांना कळत नसतं," सिस्टर म्हणायच्या. तिलाही ते पटायचं. पटवून घेणं सोपं होतं.

त्या सकाळी तिने बटणांसाठी हात सोडताच बाबांनी नळी पुन्हा काढली. ती सांडलेलं पुसायला धावली, तर बाबांचं बोट फोनवर होतं, चार बटणांच्या खाली, रिकाम्या जागेवर.

"तिथे काही नाहीये, बाबा."

बोट हललं नाही. तिने ते उचलून निळ्यावर ठेवलं. ते पुन्हा खाली आलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. चारही बटणं मागण्याची होती. नाकारायला तिने काही ठेवलंच नव्हतं.

ती लॅपटॉप घेऊन बसली आणि त्या रिकाम्या जागी पाचवं बटण केलं. एकच शब्द बोलायचा होता, पण तो नीट निघेना. शेवटी जसा निघाला तसा ठेवला.

सिस्टरनी नव्या नळीचं पाकीट हातात घेतलं, आणि फोन बोलला, "नको."

सिस्टर थबकल्या. "हा आवाज तर तुमचा आहे, ताई."

तिने भावाला व्हिडिओवर बोलावलं. तो दूरच्या शहरात होता.

"नळी नाही घातली तर काय होईल, माहितेय ना तुला?"

"थोडेच दिवस, डॉक्टर म्हणाले."

"मग? हात थरथरतो त्यांचा! ते बटण खालीच आहे, बोट आपोआप पडत असेल तिथे." तो कॅमेऱ्याजवळ सरकला. "तू थकलीयस, ताई. मला दिसतंय ते. पण म्हणून..."

"बोल की. म्हणून काय?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "आवाज बंद कर. बटणांच्या जागा बदल. मला नुसतं बोट दाखव."

तिने 'नको' वरच्या उजव्या कोपऱ्यात नेलं. डाव्या हाताला याहून लांबची जागा पडद्यावर नव्हती. 'तहान' अगदी हाताशी आणली. वर्गात आपलं काम चालावं म्हणून ती देव पाण्यात ठेवायची. आज पहिल्यांदा तिला वाटत होतं, चालू नये.

"बाबा," भाऊ तिच्या फोनमधून म्हणाला, "नळी घालू ना?"

बोट उठलं. निळ्यावर येऊन थांबलं. थांबा तिथेच, ती मनात म्हणाली. हात धपकन चादरीवर पडला. बाबा दम खात राहिले. मग हात पुन्हा उठला, निळं ओलांडून, कापत कापत वर गेला, आणि कोपऱ्यात टेकला.

उशाशी ठेवलेला फोन मुका होता.

"दिसलं का रे?" तिने विचारलं.

"दिसलं," भाऊ म्हणाला.

सिस्टरनी न फोडलेलं पाकीट पिशवीत टाकून चेन ओढली.

बाबांचा हात अजून कोपऱ्यावरच होता. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि हलकेच खाली, चादरीवर ठेवला.