मान जरा खाली

मामांचा हात मोडला नव्हता, आणि याचंच त्यांना दुःख होतं. मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं. ते लोकांना दिसतं आणि लोक हळहळतात. मामांच्या उजव्या खांद्यात मात्र हाडाला स्नायू बांधून ठेवणारी दोरी अर्धवट फाटली होती. बाहेरून ते नेहमीसारखेच बुटके, टापटीप आणि बोलघेवडे दिसायचे.

मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा. कोपऱ्यावरचं दोन खुर्च्यांचं सलून त्यांचं. तिथे केस कापून घेणारा प्रत्येक जण त्यांचा भाचा, मग तो सत्तरीचा असो की पार टकला.

मामा पडले ते जिराफामुळे, असं गल्ली म्हणायची. जिराफ हा मामांचा शाळेपासूनचा दोस्त. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, ताडमाड उंच. तरुणपणी एका अपघातात त्याच्या मानेला मार बसला होता. पट्टा लावून, महिनोन्‌महिने पडून राहून मान बरी झाली, पण वाकायची थांबली ती कायमची. "मी कुणापुढे मान झुकवत नाही," असं तो वर तोंड करून सांगायचा. त्याच्यासाठी खुर्ची पार तळाला नेली तरी डोक्यावरचा भोवरा मामांच्या हाती लागत नसे. मग मामा लाकडी स्टुलावर चढायचे. त्या दिवशी खाली पडलेल्या केसांवरून स्टूल सटकलं आणि मामा उजव्या हातावर आपटले. जिराफाच्या मात्र केसालाही धक्का लागला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, हात इकडेतिकडे फिरवून पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "ऑपरेशनची घाई नको. व्यायामाने असे खांदे बऱ्याचदा सुधारतात. पुढच्या तपासणीपर्यंत हात खांद्याच्या वर जायला लागला, तर सुरी लावायचं कारण नाही. नाही गेला, तर मात्र विचार करावा लागेल."

जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला हा माणूस सुरीचं नाव ऐकून घामाघूम झाला. घरी आल्यावर मामींना म्हणाला, "हात गेला तर मी नुसता बडबडणारा माणूस उरेन गं."

"आत्ता कोण आहात?" मामी म्हणाल्या. मग चहा ठेवताना त्यांनी हळूच डोळे पुसले.

फिजिओबाई वयाने लहान आणि हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. मामांच्या गप्पांना त्या बधायच्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्यायची, टाचा जमिनीला टेकलेल्या. "दुखायला लागलं की थांबा. पण आधीच थांबू नका," त्या म्हणाल्या. "दुकानात थोडं थोडं काम सुरू करा. हात जेवढा वर जातो तेवढा मात्र उचला."

मामांनी सुरुवातीला मन लावून केलं. पण भिंतीवर बोटं एका जागी येऊन थांबत, ती थांबतच. काल तिथे, आजही तिथेच.

आणि मग दुकानात त्यांना युक्ती सापडली. ही युक्ती न्हाव्यालाच सुचू शकते. हात डोक्यापर्यंत जात नसेल तर डोकं हातापर्यंत आणायचं! खुर्ची तळाला न्यायची, गिऱ्हाइकाच्या टाळूवर दोन बोटं ठेवायची आणि प्रेमाने म्हणायचं, "मान जरा खाली." मग, "अजून जरा." मग, "अजून एवढीशी, भाच्या." हनुवटी छातीला टेकली की मामांचं कोपर कमरेशीच राहायचं आणि कात्री पूर्वीसारखी चुरुचुरु चालायची. शाळेतले मास्तर त्या अवस्थेत घोरायला लागले. बँकेतल्या कॅशियरने सबंध हजामतभर स्वतःच्या शर्टाचं बटण पाहिलं. बाहेर पडणारा प्रत्येक जण मान चोळत बाहेर पडत होता, पण मामांचं लक्ष हाताकडे होतं, आणि हात तर दुखत नव्हता.

"हात एकदम फर्स्ट क्लास!" ते सांगत सुटले. फिजिओबाईंनी विचारलं, "कामात त्रास होतो?" तर म्हणाले, "अजिबात नाही." हे खोटं नव्हतं, म्हणून त्यांना टोचलंही नाही. घरच्या भिंतीला मात्र त्यांनी सोडचिठ्ठी दिली.

एकच गोष्ट टोचत होती. जिराफ येत नव्हता. बेकरीवाला म्हणाला, हल्ली तो टोपी घालून फिरतो. पलीकडच्या रस्त्यावर काचेच्या दाराचं नवं सलून निघालं होतं. मामांनी लगेच निकाल लावला. "तिकडेच जात असणार. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून टोपी! केसाने गळा कापला माझा!" हे बोलून ते हसले, पण कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांनी टॉवेलांचा ढीग रचून ठेवला. त्यांना ते पाहायचं नव्हतं.

एका संध्याकाळी फिजिओबाई स्वतःच दुकानात आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"केस थोडे आखूड करा."

मामा खूश झाले. खुर्ची तळाला गेली. "मान जरा खाली," ते म्हणाले. "अजून जरा."

बाईंनी मान खाली घातली. एका बाजूने कात्री चालू झाली, तशा त्या आपल्या मांडीकडे बघत बोलल्या, "मामा, या आठवड्यात माझ्याकडे मान धरलेली माणसं ओळीने आली. मास्तर, कॅशियर, बेकरीवाला. मी सगळ्यांना उशा बदलायला लावल्या."

"उशांचा काही भरवसा नाही हल्ली," मामा म्हणाले.

"आज बेकरीवाल्याच्या कॉलरमध्ये कापलेले केस दिसले. ताजे." त्यांनी मान वर केली, ताठ. हात खाली घालून, दांडा ओढून खुर्चीही वर घेतली. "आता कापा."

मामांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला. पुढे हाताऐवजी खांदाच वर आला, कानाला भिडला. टाचा उचलल्या गेल्या. कात्री बाईंच्या कानाशीच अडकून राहिली. समोरच्या आरशात हे दोघांनीही पाहिलं.

"मामा," बाई म्हणाल्या, "तुम्ही मलाच मामा बनवलंत."

एरवी या विनोदावर ते मांडीवर थाप मारून हसले असते. आज त्यांनी कात्री खाली ठेवली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"मला भीती वाटते हो," ते म्हणाले. "भिंतीवर हात थांबला की वाटतं, आता हा इथेच राहणार. इथे दुकानात तो थांबतच नव्हता. मग मी म्हटलं, बरा झालाच की."

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "भीती मला सांगायची. मानांना कशाला? आणि त्या उंच माणसाला मी आता काय सांगू?"

"कोणाला?"

"माझा पेशंट नाही तो, म्हणून सांगायला हरकत नाही. दर आठवड्याला येऊन बाकावर बसतो. विचारतो, मामाचा हात कुठवर आला? मी म्हणते, पेशंटचं मी बाहेर सांगत नसते. तर म्हणतो, नुसतं एवढं सांगा, वर चाललाय की खाली."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "टोपी घालतो?"

"घालायचा. आता केस टोपीत मावत नाहीत."

बाईंचे केस त्या दिवशी एका बाजूने आखूडच राहिले. बांधल्यावर कळत नाही म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. दुसरी बाजू तपासणीनंतर, असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातली खुर्ची वर आली. भाचे पुन्हा ताठ मानेने बसायला लागले. मामा हात जमेल तितका उचलायचे, दुखला की खाली सोडायचे आणि म्हणायचे, "थांब रे, हात दुखतोय." एवढंसं वाक्य बोलायला या बोलघेवड्या माणसाला सगळ्यात जड गेलं. डोकी कमी होऊ लागली, वेळ जास्त लागू लागला, पण गल्ली थांबली.

घरी मामींनी सूत्रं हातात घेतली. मामा भिंतीशी उभे राहिले की त्या त्यांच्या खांद्यावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खांदा नव्हे, हात!" शिवाय त्यांनी साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या एका कप्प्यात ठेवला. साखर हवी तर उजव्या हाताने काढून घ्या, खुर्चीवर चढायचं नाही. मामांनी बरेच दिवस बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायला. मध्येच काही दिवस असे आले की हात कालच्याहून खाली राहायचा. तेव्हा ते रुसून बसत, जेवायलाही उठत नसत. मामी त्यांची समजूत घालायला जात नसत. ताट झाकून ठेवत आणि शेजारी बसून राहत. एका सकाळी चहात साखर होती. मामांनी दोन चमचे जास्तच घातली होती. डबा त्यांनीच काढला होता. मामींनी तो गोडमिट्ट चहा संपवला आणि डबा आणखी एक कप्पा वर ठेवला.

तपासणीला डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला आणि कानापासून थोडा लांब थांबला.

"डाव्यासारखा नाही," मामा म्हणाले. या वेळी आधी स्वतःच सांगितलं.

"नसू दे. सुरी राहू दे आता. व्यायाम सोडू नका," डॉक्टर म्हणाले.

मामांचा जीव भांड्यात पडला. मामींना घरी पाठवून ते तडक जिराफाच्या दारात गेले. दार उघडलं. जिराफाचे केस मानेवर आले होते आणि मागे रबर बँडने कसेबसे बांधले होते.

"चल," मामा म्हणाले.

"नको रे बुटक्या. मी बसलो की तू पुन्हा चढणार. माझ्यामुळे एकदा झालं तेवढं पुरे."

"म्हणून साधू झालास? पलीकडच्या दुकानात तरी जायचं."

"तिकडे कसा जाणार?" जिराफ म्हणाला. त्याला हा प्रश्नच कळला नव्हता.

दुकानात मामांनी आधी जमीन झाडली. स्टुलाखालची दोनदा झाडली. टॉवेल उचलून बाजूला ठेवले, जिराफाला बसवलं, कापड बांधलं आणि स्टुलावर चढले.

"मान जरा..." सवयीने तोंडातून निघालं आणि ते थांबले.

हात वर निघाला. खांद्यापाशी थोडा अडला, मग पुढे गेला. कात्री भोवऱ्याला पोहोचली. एक बट पडली, दुसरी पडली. तिसरीला हात खाली येऊ लागला.

"थांब रे, दुखतोय," मामा म्हणाले आणि हात खाली सोडला.

"थांबलोय," जिराफ म्हणाला.

मामांनी सहज आरशात पाहिलं. कापडाखालून जिराफाचा एक लांबच लांब हात मागे आला होता आणि त्याने स्टुलाचा पाय गच्च धरून ठेवला होता. बोटं पांढरी पडली होती. मामा चढले तेव्हापासून तो हात तिथेच असणार.

मामांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी नाक पुसलं.

"मान ताठ ठेव," ते म्हणाले, आणि हात पुन्हा वर नेला.