गाठ मारलेल्या फांद्या

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. मानेवर एक केस वर आलेला दिसला, की ह्यांचा हात शिवशिवतो. किती कापू, असं गिऱ्हाइकाला विचारायची पद्धतच नाही. त्यामुळे सासूबाईंनी परसात बिनकाट्यांची ब्लॅकबेरी लावली तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं, हिचीही हजामत होणार.

सासूबाईंची नजर जात चालली होती. काटे टोचायला लागले म्हणून गुलाब सुटले. हातांनी चाचपून करता येईल असं हे एकच झाड उरलं होतं. पण थंडी आली की हे कात्री घेऊन हजर. कापलं की जोमाने येतं, हा ह्यांचा दुकानातला सिद्धांत. दोन वर्षं पानं भरपूर आणि फळांच्या नावाने ठणठणगोपाळ. शेवटी ह्यांनी जाहीर केलं, पुढच्या उन्हाळ्यातही असंच झालं तर झाड काढून परसात फरशी घालायची, म्हणजे आई अडखळून पडायची नाही. सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं. तिथे एक जुनी फांदी कात्रीतून वाचली होती. हाताला खरबरीत, आणि तिलाच तेवढ्या कळ्या. नव्या गुळगुळीत फांद्यांवर एकही नाही.

"पहिल्या वर्षी नुसती वाढते, फळते दुसऱ्या वर्षी," त्या म्हणाल्या. "हा दरवर्षी फळंच कापत होता गं. आणि मी त्याला वर चहा देत होते."

मी तडक दुकानात जाऊन ह्यांना फैलावर घेणार होते, पण सासूबाईंनी अडवलं. प्रत्येक नव्या फांदीला त्यांनी लोकरीचा धागा बांधला आणि ह्यांना बजावलं, गाठ लागली की कात्री खाली. त्या थंडीत हे खिडकीशी उभे राहून नुसते सुस्कारे टाकायचे. एकदा कात्री घेऊन निघालेच, तर दारात सासूबाई खुर्ची टाकून विणत बसलेल्या. मुकाट्याने परतले.

उन्हाळ्यात फांद्या फळांनी वाकल्या. ह्यांनी काळीभोर, चकचकीत बघून वाटीभर तोडली. आंबटढाण! सासूबाईंना तोवर नुसता उजेड-अंधार कळत होता. त्या फळाला बोट लावायच्या, सहज हातात आलं तर घ्यायच्या, नाहीतर सोडून द्यायच्या. त्यांच्या वाटीत एकही आंबट निघालं नाही. खरं सांगते, मला त्या बाईचा अभिमान वाटला, माझ्या आईचाही कधी इतका वाटला नसेल.

फरशीचं नाव पुन्हा निघालं नाही. फळं संपली, त्या फांद्या वाळल्या, तेव्हा सासूबाईंनी ह्यांना हाक मारली, की आता ह्या फांद्यांचं फळ देऊन झालं, ह्या काप.

हे कात्री घेऊन झाडापाशी गेले आणि तसेच उभे राहिले.

"आई, कुठून कापू?"

सासूबाईंनी ह्यांचा हात धरला आणि बुंध्यापाशी नेऊन टेकवला.