ताकदीची गोळी

चंद्रमतीची मान उजव्या खांद्याकडे ओढली जात होती. डोळे वर गेले होते, जबडा आवळला होता. चुलतबहिणीच्या साखरपुड्याच्या पंगतीतल्या बायका केळीच्या पानांवरून उठल्या.

"अंगांत आलें पोरीच्या," तिचे थोरले काका प्रतापसिंह म्हणाले. "सुरेंद्रा, गाडी काढ. कोविलांत देवापुढें नेऊं, मंत्रवादी तिथेंच असतो."

बायको रंजना हिच्याकडे न बघता चंद्रमतीचा बाप सुरेंद्र किल्ली शोधू लागला.

रंजना तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. चौदा वर्षांच्या चंद्रमतीला कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा डोकेदुखीचं निमित्त सांगून तिनेच तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. सुरेंद्रची अट एकच होती : कुणाला कळता कामा नये, मुलीलाही नाही. मग गोळी ताकदीची झाली. परवा ती बदलताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मान किंवा जबडा आखडला तर ताबडतोब इंजेक्शनला आणा.

"अम्मा..." आवळलेल्या दातांमधून चंद्रमती कण्हली.

"भाओजी, तिच्या अंगांत कोणी नाहीं," रंजना म्हणाली. "गोळीनें झालें हें."

"कसली गोळी?"

नवऱ्यामुलाची आई हातातला तांब्या तसाच धरून बघत होती.

"डोक्याची. वेडावरची म्हणा हवें तर. मीच देतें रोज."

प्रतापसिंह दारात आडवे आले. "सोयरे बसलेत घरांत, रंजना!"

"सरका, भाओजी."

मुलीला कवेत धरून ती रस्त्यावर आली आणि मिळाली ती ऑटो थांबवली. सुरेंद्र आला नाही.

इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात मान सैल पडली. चंद्रमती छताकडे बघत राहिली.

"मला वेड लागलें, अम्मा?"

"आजार आहे, कण्णा. त्यानेंच आवाज येतात."

"मग ताकदीची कां म्हटलीस? आवाजांवर औषध असतें, हें मला ठाऊकच नव्हतें. मला वाटलें, ते खरेच आहेत."

 रंजनाने मुलीचा हात धरला. चंद्रमतीने तो हळूच सोडवून घेतला.

डॉक्टर आले आणि गोळी कमी करण्याबद्दल रंजनाशी इंग्रजीत बोलू लागले.

"मला सांगा," चंद्रमती खाटेवर उठून बसत तमिळमध्ये म्हणाली. जीभ अजून जड होती.

डॉक्टरांनी रंजनाकडे पाहिलं. रंजना उठली आणि त्यांच्या समोरची खुर्ची तिने मुलीसाठी रिकामी केली.