साहेबांचा पाऊस

पर्वतावरच्या त्या राष्ट्रीय उद्यानात कित्येक महिने पावसाचा टिपूस नव्हता, पण साहेबांच्या अंगणात तो रोज सकाळी न चुकता पडत होता.

कारण सोपं होतं आणि तितकंच लाजिरवाणं. पर्जन्यमापक उघड्या उतारावर असायला हवा. साहेबांनी तो ऑफिससमोरच्या अंगणात आणून बसवला, कारण चढ चढताना त्यांना धाप लागे. शेजारीच त्यांच्या बायकोच्या हिरवळीचा फवारा. फवारा गरागरा फिरे, थेंब मापकात पडत आणि ऑफिसातल्या पडद्यावर पाऊस वाढत जाई. उद्यानातल्या हवापाण्याच्या नोंदी ठेवणारी धाकटी, म्हणजे साहेबांची सख्खी मेहुणी, हे सांगून सांगून थकली. गाढवापुढे वाचली गीता.

"पाऊस पडला की नाही ते यंत्र सांगेल," साहेब म्हणत. "तू कशाला सांगतेस?"

एरवी तिने सोडून दिलं असतं. असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलीच अक्कल गहाण टाकणं. पण खालच्या हॉटेलवाल्याला वरच्या झऱ्याचं पाणी हवं होतं. चालू महिन्याचा पाऊस बेताचा असेल तर झऱ्याला हात लावायचा नाही, असा उद्यानाचा नियम होता. खालचं अख्खं रान त्या झऱ्यावर जगत होतं आणि त्याची धार आता करंगळीएवढी उरली होती. ती धार धाकटी रोज मोजत होती.

म्हणून महिना लागताच तिने फवाराच काढला आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केला. हिरवळ वाळली तशी ताईने तिच्याशी अबोला धरला. धरू दे. पडद्यावर एकदाचं शून्य आलं आणि तिथेच राहिलं.

सहीच्या दिवशी हॉटेलवाला कागद पसरून बसला होता. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिला बोलावलं.

"यंत्र बिघडलंय. शून्य दाखवतंय."

"बिघडलं नाही, साहेब. पाऊसच नाही."

"इतके महिने पडत होता, तो आताच कसा नाही? दुरुस्त कर बघू. पाहुणे खोळंबलेत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा ठोंब्या ताईने पसंत केला तो केला, सरकारनेही करावा? तिने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, बाहेर गेली आणि खिडकीतून दोघांना नीट दिसेल अशा बेताने मापकात सावकाश रिकामा केला. निदान आज तरी या माणसाला शरम वाटू दे, एवढंच तिला हवं होतं.

"घ्या," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "हा तुमचा पाऊस."

पडद्यावर आकडा चढू लागला. साहेबांचा चेहरा खुलला.

"बघितलंत?" ते हॉटेलवाल्याला कौतुकाने म्हणाले. "आमच्या मेहुणीच्या हाताला गुण आहे." आणि त्यांनी सही ठोकून झरा देऊन टाकला.